मला न ऐकू आलेले ठोके

भाईंदरजवळच्या आमच्या मुर्ध्यात सुजलेल्या पायांकडे कुणी वळून बघत नाही. मिठागरात उतरणाऱ्या बाईचे पाय सुजायचेच, टाचा भेगाळायच्याच आणि संध्याकाळी पोटऱ्या ठणकायच्याच. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? म्हणून दुसऱ्या खेपेला मला सातवा लागला आणि पाय फुगायला लागले, तेव्हा घरात कुणाला काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. हे लिहायला बसले आहे ते एवढ्यासाठीच. आमच्या बायकांना ही सूज ओळखू येत नाही, कारण सूज आमच्याकडे घरचीच असते.

मी काही डॉक्टर नाही. माझे वडील वसईकडे शाळामास्तर होते म्हणून मला चार ओळी लिहिता येतात. सासरी त्या चार ओळींवरून मी पुष्कळ टोमणे खाल्ले. सासूबाई मला ‘मास्तरांची पोर’ म्हणत. रागात असल्या तरी तेच आणि लाडात असल्या तरी तेच, त्यामुळे आवाजावरून ओळखावं लागे. आमचे हे मिठागरावर मुकादम होते. मिठाचा हंगाम सुरू झाला की त्यांचा सगळा मुक्काम बांधावर, घरी यायचं ते रात्री जेवायला आणि झोपायला.

माझं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. घरीच झालं ते. सुईण म्हणाली, नजर लागली. सासूबाईंनी देवीला कोंबडं दिलं. मला कुणी काही विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही की शेवटचे काही दिवस पोटात अगदी शांत वाटत होतं. तेव्हाही माझे पाय सुजले होते, पण ते मला पुढे आठवलं. आता हे दुसरं होतं. हे जगावं, एवढं एकच माझं मागणं होतं. मुलगा असो, मुलगी असो, काळं असो, रडकं असो.

झळ

चैत्र सरत आला होता. मिठाच्या राशी बांधावर ओळीने उभ्या होत्या आणि दुपारी त्यांच्याकडे बघवत नसे. मी डोक्यावरून मीठ वाहायचं थांबवलं होतं, पण ह्यांचं जेवण घेऊन बांधावर रोज जात होते. एक दिवस परतताना डोळ्यांपुढे चमकायला लागलं. काजवे उडावेत तसं. डोकंही असं दुखत होतं की कपाळाला हात लावू देईना.

“उन्हान मिठाकडं बगू नको, सांगलेलं ना तुला?” सासूबाई म्हणाल्या. “डोल्यांना झळ लागली. मिठातल्या बायचे डोले असेच दुखतान.”

त्यांचं चुकलं असं मी कशी म्हणू? उन्हाळ्यात आमच्याकडे निम्म्या गावाचे डोळे लाल असतात. त्यांनी माझ्या डोळ्यांवर ओल्या फडक्याची घडी ठेवली, पायांना तेल लावलं आणि जोडवी रुतायला लागली होती त्यांच्याखाली चिंधी घातली. जोडवी काढायचं मात्र त्यांनी तोंडातून काढलं नाही. सवाशिणीची जोडवी कुणी उगाच काढत नाही.

मग एका सकाळी मी चुलीपुढे भाकरी थापत होते. आमचं स्वयंपाकघर इतकं काळोखं की दिवसासुद्धा अंदाजाने चालावं लागे. तिथेही ते काजवे आले. मला परात दिसेना. मी ह्यांना हाक मारली आणि म्हटलं, आज झळ फार लागतेय. हे दारात उभे होते.

“घरान कसली झळ?” ते म्हणाले. “घरान ऊन हाय कुठं?”

एवढं साधं वाक्य, पण त्या आधी ते कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सासूबाई सुईणीला बोलवायला निघाल्या होत्या. ह्यांनी त्यांना थांबवलं आणि बैलगाडी जोडली. भाईंदरच्या स्टेशनापर्यंतच्या त्या रस्त्यात एकेक धक्का माझ्या डोक्यात बसत होता. सासूबाई माझ्या शेजारी तोंड फुगवून बसल्या होत्या. मुंबईला त्यांची बहीण परळला राहायची, तिच्या ओळखीने बायकांच्या एका इस्पितळात जायचं ठरलं होतं.

तपासणीचा दिवस

डॉक्टरबाई चाळिशीच्या, सडपातळ, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आधी माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. कणकेत बोट रुतावं तसा खड्डा पडला आणि तो भरून यायला बराच वेळ लागला.

“हे कधीपासून?”

“मिठागराचे पाय आहेत, बाई,” मी म्हटलं. “आमच्याकडे सगळ्यांचेच सुजतात.”

“सगळ्यांचे चेहरे पण सुजतात?” त्यांनी विचारलं.

चेहरा सुजला आहे हे मला ठाऊकच नव्हतं. आमच्या घरी आरसा होता तो हाताच्या तळव्याएवढा, कुंकवापुरता. मी ह्यांच्याकडे बघितलं, तर ह्यांनी मान खाली घातली.

मग दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब घेतला. माझी लघवी काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर तापवली, तर ती पेजेसारखी पांढरी झाली. सासूबाई ते बघून भिंतीला टेकल्या. डॉक्टरबाई फार समजावत बसल्या नाहीत. हा बाळंतपणाच्या आधीचा आजार आहे, तो मिठागराने होत नाही, उन्हानेही होत नाही. वाढला तर आईला झटके येतात आणि त्यात दोघं जातात. निजून राहायचं, उजेड नको, आवाज नको, आणि खाण्यात मीठ अजिबात नको.

शेवटी त्यांनी एक लाकडी नळी काढली. वीतभर लांब, एका तोंडाला पसरट, लहानशा कर्ण्यासारखी. पसरट तोंड माझ्या पोटावर टेकवलं, दुसऱ्या तोंडाला स्वतःचा कान लावला आणि हात सोडून दिले. नुसत्या कानाने ती नळी दाबून धरली होती. मी श्वास रोखला. त्यांचं तोंड माझ्या पायांकडे होतं, मला दिसत होता फक्त त्यांचा अंबाडा.

“आहेत,” त्या उठत म्हणाल्या. “ठोके चांगले आहेत.”

“कसले ठोके?”

“मुलाच्या काळजाचे.”

आतल्या मुलाचं काळीज बाहेर ऐकू येतं हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी विचारलं, ते कधीपासून वाजायला लागतं. त्या म्हणाल्या, फार आधीपासून. पोट दिसायच्या आधी, बाईला नीट खात्री व्हायच्याही आधी ते सुरू झालेलं असतं. फक्त पाचव्या महिन्याच्या आत या नळीने ते ऐकू येत नाही.

म्हणजे पहिल्याचंही वाजलं असणार. महिनोन् महिने वाजलं असणार, आणि मग थांबलं असणार, आणि कुणी कान लावला नव्हता. त्या टेबलावर पडल्या पडल्या मला इतकं रडू आलं की डॉक्टरबाईंना वाटलं मी झटक्याच्या गोष्टीने घाबरले. मी ते तसंच राहू दिलं.

मला त्याच दिवशी ठेवून घेतलं. डॉक्टरबाईंनी ह्यांना आणि मला एकदमच सांगितलं. दाब चढत गेला तर मूल वेळेआधी बाहेर काढावं लागेल, आणि इतकं लहान मूल बहुतेक जगणार नाही. दाब आवाक्यात राहिला तर थांबता येईल. जितके दिवस थांबता येईल तितकं मूल मोठं होईल. रोज दाब बघायचा, रोज ठोके ऐकायचे आणि रोज ठरवायचं.

“ठोके चांगले आहेत तोवर थांबा, बाई,” मी म्हटलं. ह्यांना मीही हवी होते, मूलही हवं होतं, आणि यातलं एक निवडायला सांगतील या भीतीने ते लवकर उठले.

मार्थाचं बोट

लढाईचे दिवस होते. इस्पितळाच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला होता, त्यामुळे माझ्यासाठी वेगळा काळोख करावा लागला नाही. कोपऱ्यातल्या खाटेवर मी डाव्या कुशीवर पडून असे. सकाळी अंग पुसणं, मग दाब, मग नळी. दुपारी डबा. संध्याकाळी पुन्हा दाब, पुन्हा नळी. मधल्या वेळात काही नाही. वाचायचं नाही, शिवायचं नाही, बोलायचं नाही. पलीकडच्या खाटेवरची बाई रोज बदलायची. ती यायची, ओरडायची, मूल घेऊन जायची. मी तिथेच.

मला सगळ्यात जाचायचं ते हे की मूल माझं, पोट माझं, आणि ठोके दुसऱ्यांनाच ऐकू यायचे. आपला कान आपल्या पोटाला लागत नाही. नळी लावणारा पाठमोरा असतो, त्याचा चेहराही दिसत नाही. तो उठून तोंडाने सांगेपर्यंत आपण आपलं छताकडे बघत राहायचं. त्या तेवढ्या वेळात मी रोज म्हातारी होत असे.

हे मी एकदा नर्सला बोलून दाखवलं. तिचं नाव मार्था. उंच, काळीसावळी, गळ्यात बारीक क्रूस. पहिले काही दिवस ती माझ्याशी शहरातलं बोलली. मी मुर्ध्याची म्हटल्यावर एकदम गावच्या बोलीवर आली.

“मुर्ध्याची? मग आधी सांगाचं ना गो. मी उत्तनची. आमचे घरान तुमच्याकडचंच मीठ येतं, मासली खारवाला.”

दुसऱ्या दिवशी नळी लावल्यावर तिने माझा हात धरला, आपलं एक बोट माझ्या मनगटावर ठेवलं आणि आपटायला लागली. टक् टक् टक् टक्, फार जलद.

“माझे बोटाकडं ध्यान दे,” ती कान न हलवता म्हणाली. “तुझा पोर आता असा चाललाय.”

त्या इस्पितळात मला मिळालेली सगळ्यात मोठी मेहेरबानी ती. तिला वेळ नसे, तिच्याकडे पुष्कळ खाटा होत्या, तरी रोज दोन्ही वेळा ती माझ्या मनगटावर माझं मूल वाजवून जायची. कधी जरा सावकाश, कधी घाईत. मी हलले की तेही दचकायचं, ते मार्थाच्या बोटावरून कळायचं. मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडायलाही लागले होते. काल एवढा गोंधळ घातलास, आज का आळशीपणा, असं. आई झाल्यासारखं मला वाटलं ते तेवढेच दिवस.

डबा

आता सासूबाईंचं सांगते. त्या बहिणीकडे परळला राहिल्या होत्या आणि रोज दुपारी डबा घेऊन येत. इस्पितळात मला अळणी भात आणि दूध मिळे. ते बघून पहिल्याच दिवशी त्यांचा पारा चढला.

“अळणी सुतकान खातान,” त्या म्हणाल्या. “घरातलं माणूस गेलं का त्या दिवशी अळणी. जित्या पोराचे आयशीला मी अळणी घालू काय?”

मी म्हटलं, डॉक्टरबाईंनी सांगितलंय.

“डाक्टरीन मिठागरातली हाय का? आपले घरान मिठावर पोट चालतं. त्या मिठाला न्हाय म्हनाचं, आनि पोर मागाचं? लक्षुमीला राग येनार न्हाय?”

त्यांच्या डब्यात भाताच्या खाली सुकट असे, कधी खारवलेला बोंबील, आमटीत मीठ दोन बोटं जास्तच. नुसत्या वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटे. अळणी भात घशाखाली ढकलताना मला किती वेळा त्या सुकटीची आठवण झाली हे देवालाच ठाऊक. पण त्या समोर स्टूल घेऊन बसत आणि मी पहिला घास घेतल्याशिवाय उठत नसत. मग मी एक घास घ्यायची आणि म्हणायची, पोट भरलंय, जरा वेळाने खाते. त्या गेल्या की डबा पलीकडच्या खाटेवर. तिथली जी कोण असेल ती चाटूनपुसून खायची. आमच्या सासूबाईंच्या हाताची चव अशी की त्या बाया घरी जाताना माझा निरोप घ्यायच्या, मुलाचं तोंड दाखवायच्या आधी डब्याचं कौतुक करायच्या.

पण त्यांच्या देखत मी रोज एकाच घासावर थांबायची, त्यामुळे त्यांना संशय यायचा. एकदा बोलल्याच.

“माझे हातचा चालत न्हाय मास्तरांचे पोरीला.”

हे रविवारी आले की दोघींच्या मध्ये बसत, एकीकडून दुसरीकडे बघत. मी त्यांना सांगितलं, तुम्ही समजवा. ते म्हणाले, मी मिठागराचा मुकादम, आईला मिठावरून काय सांगू? त्यावर मला हसू आलं आणि मग रडू. आमच्या घरात तेव्हा कुणीच कुणाशी धड बोलत नव्हतं. सासूबाईंना वाटे, डॉक्टरीण पोराला उपाशी मारतेय. मला वाटे, सासूबाई मारतायत. ह्यांना काय वाटे हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

ती सकाळ

दाब चढायला लागला होता. डॉक्टरबाई दोनदा येऊन बघून गेल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, आणखी एक-दोन दिवस, मग मी थांबणार नाही. ठोके मात्र चांगले होते. मी त्यावर विसंबून होते.

त्या सकाळी मार्थाने नळी लावली आणि माझ्या मनगटावर बोट ठेवलं. बोट हललं नाही. तिने नळी उचलून दुसरीकडे लावली, मग तिसरीकडे, मग खाली. माझं पोट हाताने चाचपलं आणि पुन्हा कान लावला. मग बोट वाजायला लागलं.

टक्. टक्. टक्.

“आज हळू आहे,” मी म्हटलं.

“निजलाय गो पोर,” ती म्हणाली. तिचं तोंड पलीकडे होतं. “पोरं निजतान ना.”

डॉक्टरबाई आल्या, त्यांनीही बराच वेळ ऐकलं. उठल्या, माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, पडून राहा. त्यांनी आधी कधी माझ्या केसांवरून हात फिरवला नव्हता. मार्था पुन्हा खाटेशी आली आणि न विचारताच माझं मनगट हातात घेऊन बोट वाजवत राहिली. माझं डोकं ठणकत होतं. कानशिलातली शीर उडत होती आणि तिचं बोट त्या शिरेबरोबर पडत होतं, अगदी बरोबर. ती माझीच नाडी माझ्या हातावर वाजवत होती.

हे माझ्या लक्षात आलं आणि मी ते ढकलून दिलं. माणूस किती बळकट असतं हे अशा वेळी कळतं. मी स्वतःला सांगितलं की निजलं असेल.

दुपारी सासूबाई आल्या. रोजच्यासारख्या स्टूल ओढून बसल्या, डबा उघडला, भात कालवला. रोज त्या भरवत नसत, त्या दिवशी घास स्वतःच्या हाताने माझ्या तोंडाशी आणला. मी तोंड उघडलं.

अळणी होता.

भात अळणी, आमटी अळणी. भाताच्या खाली काहीच नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, दुसरा घास करत होत्या. सकाळी डॉक्टरबाईंनी त्यांना बोलावून घेऊन सांगितलं होतं, मूल गेलं आहे, पण सुनेला आज कळू देऊ नका, धक्क्याने झटका येईल. सासूबाई कबूल झाल्या होत्या. तोंडाने त्यांनी एक शब्द काढला नाही. पण परळला परत जाऊन चूल पेटवल्यावर, नातवंड गेल्याच्या दिवशी भातात मीठ टाकायला त्यांचा हात धजला नाही. हे सगळं मला पुढे कळलं. तेव्हा कळलं ते तोंडातल्या घासावरून.

मी तो गिळला. मग दुसरा. त्या भरवत होत्या आणि मी खात होते. त्यांच्या हातचा सबंध डबा मी संपवला तो त्या एका दिवशी. दोघींनी एकमेकींना काही विचारलं नाही. संध्याकाळी मार्था नळी घेऊन आली तेव्हा मी आपला हात पांघरुणाखाली घेतला आणि म्हटलं, राहू दे. ती तशीच उभी राहिली, मग नळी तिच्या हातातून खाटेवर पडली आणि ती माझ्या उशाशी बसून रडली. मला झटका आला नाही.

नंतर

कळा दुसऱ्या दिवशी आपोआप सुरू झाल्या. त्याबद्दल फार लिहिणार नाही. जिवंत मुलासाठी जेवढ्या कळा सोसाव्या लागतात तेवढ्याच यातही लागतात, यात सूट नसते. मुलगी होती. मला दाखवू नये असं मार्थाला कुणीतरी बजावलं होतं, पण तिने दाखवली. केस होते, नखं होती, ओठ ह्यांच्यासारखे होते. सासूबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून तिला गुंडाळलं. ह्यांनी तिला कुठे पुरलं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मग माझी सूज उतरायला लागली. पाण्यासारखी गेली. डोकं दुखायचं थांबलं, काजवे गेले. जी ती येऊन म्हणू लागली, बरी झालीस, नशीबवान आहेस, जीव वाचला. मी आपले पाय बघत पडून असे. घोट्याची हाडं दिसायला लागली होती आणि मला ती बघवत नव्हती. जगल्याचा मला तेव्हा जराही आनंद झाला नाही. पुष्कळ दिवस झाला नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तुमच्यापैकी कुणाला असं झालं तर आपण कृतघ्न आहोत असं वाटून घेऊ नका.

निघताना मी डॉक्टरबाईंना विचारलं, मिठाने काही फरक पडला असता का. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“खरं सांगू?” त्या म्हणाल्या. “मला माहीत नाही. तसं करा असं शिकवलंय म्हणून आम्ही करतो. हा आजार का होतो तेच अजून कुणाला नीट कळलेलं नाही. तू आणखी आधी आली असतीस तर जास्त दिवस मिळाले असते, एवढंच सांगता येईल.”

भाईंदरला उतरून आम्ही बैलगाडीत बसलो. हे पुढे चालत होते. अर्ध्या वाटेत सासूबाईंनी एकदम विचारलं,

“माझे मिठान झाला का गो?”

इतके दिवस हे त्यांच्या पोटात होतं. मला त्यांचा राग होता, तो मी सांभाळून ठेवलेला होता, आणि तो वापरायला याच्याइतकी चांगली वेळ मिळाली नसती.

“नाही, आई,” मी म्हटलं. “मी तुमचं मीठ खाल्लंच नाही. रोज एक घास, बाकी सगळं पलीकडच्या खाटेवरच्या बायकांना दिलं.”

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

“बोंबील पन?”

“बोंबील पण.”

“लय ठक हायेस तू,” त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. त्यांना मी रडताना त्याआधी बघितलं नव्हतं. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. घर येईपर्यंत त्यांनी तो काढू दिला नाही.

धाकटी

डॉक्टरबाईंनी मला पुन्हा मूल होऊ न देण्याबद्दल बजावलं होतं. ते आम्ही पाळलं. पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या दिरांचं लग्न झालं आणि चंद्रा घरात आली. हसरी, धसमुसळी, मीठ वाहण्यात दोन पुरुषांना भारी. वर्षाच्या आत तिला दिवस गेले आणि आठव्यात तिचे पाय सुजले.

“मिठाचे पाय हायेत, जाऊबाय,” ती मला म्हणाली.

मी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला. मी सासूबाईंना हाक मारली. त्या आल्या, त्यांनी बघितलं, आणि त्यांनी चंद्राला कपडे बदलायचीही सवड दिली नाही. स्वतः तिला घेऊन मुंबईला गेल्या. संध्याकाळी एकट्या परत आल्या, तिला ठेवून घेतलं होतं. ओसरीवर बसल्या, पाणी प्यायल्या.

“वाजतंय,” एवढंच म्हणाल्या.

मला आनंद झाला असं लिहायला हवं. झाला नाही. मला तिचा हेवा वाटला, इतका की मी मागच्या दारी जाऊन उभी राहिले. तिची सूज आम्हाला ओळखता आली ती माझ्या दोन मुलांमुळे, असं माझ्या मनात आलं, आणि ती दोन्ही मुलं फुकट गेली नाहीत असं काही मला वाटलं नाही. ती गेली ती गेलीच. मग मी आत येऊन पहाटेच्या गाडीने जाणाऱ्या तिच्या डब्यासाठी अळणी भात शिजवायला घेतला. सासूबाई शेजारी बसून तांदूळ निवडत होत्या.

चंद्राच्या मुलाला डॉक्टरबाईंनी थोडं आधीच बाहेर काढलं. लहानसं, पण रडलं. ते दोघं घरी आले तेव्हा गावातल्या बायका मला म्हणाल्या, तू जरा लांबच राहा, तुझी दोन गेलेली. मी लांब राहिले. बारशाला मी मागे उभी होते. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं, तेव्हा चंद्रा आपणहून आली, मूल माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, “जाऊबाय, घडीभर घेऊन बसा, मी न्हाऊन येते.”

ते जागं होतं. मी इकडेतिकडे पाहिलं, झबलं वर केलं आणि त्याच्या छातीला कान लावला. मला नळी लागली नाही. फार जलद होतं. मोजता येऊ नये इतकं जलद, आणि मार्थाच्या बोटावर असायचं तसं कोरडं नव्हतं, ओलं होतं, उबदार होतं, मधेच श्वासाने वरखाली होत होतं. मी तशीच वाकून राहिले. मान अवघडली तरी राहिले. ते माझं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग त्याला भूक लागली, ते तोंडाने माझी चोळी शोधायला लागलं, आणि मी चंद्राला हाक मारली.